खडकाच्या वाटेवरचा ढीग

बेजूरटोला
१८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईंना,
सा. नमस्कार.

कॅम्पची पहिली बॅच काल गेली. बायका बहुतेक नागपूरच्या होत्या, दोघी चंद्रपूरच्या. सगळ्या नीट आल्या आणि नीट गेल्या. इथे फोन लागत नाही आणि त्यासाठी भामरागडला जाणं होत नाही, म्हणून ही चिठ्ठी पत्रूभाऊंच्या हाती देते. ते या गाडीवर कंडक्टर आहेत तोवर आपलं पोस्ट चालू आहे.

झोपड्यांना काही झालेलं नाही. बुधरीने अंगण सारवलं, कोलूने कुंपणाचे बांबू बदलले. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच इतक्या माणसांसाठी चूल पेटली. सकाळी योगासनं, नंतर मौन चाल, दुपारी नदीत डोंगा, संध्याकाळी सगळ्यांनी गोलात बसणं. यांनी आखून ठेवलं होतं तसंच केलं.

गोलात प्रत्येकीने आपण इथे काय सोडून जातो ते सांगायचं असतं. एकीने राग सोडला, एकीने सासूचं बोलणं. माझी पाळी आली तेव्हा मी चहा ठेवायला उठले. मागे चुलीपाशी बुधरी म्हणाली, "सकाळपासून चायच ठेवून राह्यली तू. कोणाले पाजतं एवढा?"

एक लिहायचं होतं. 'जंगलाने जिला सावरलं अशी ज्योत्स्ना' असं तुम्ही जाहिरातीत लिहिलं आहे. बायका ते वाचून येतात आणि माझ्याकडे बघत राहतात. जमलं तर काढा. नाही जमलं तरी चालेल.

तुमची,
ज्योत्स्ना


गडचिरोली
२ डिसेंबर २०२४

प्रिय ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

वर्गात चाचणी चालू आहे. मुलं लिहून राहिली आहेत आणि मीही. मधून मधून वर बघते, त्यांना वाटतं बाई लक्ष ठेवतात.

ते वाक्य काढणार नाही. ते वाचूनच बायका फोन करतात. आणि खोटं काय आहे त्यात? दुसरी एखादी असती तर अंथरूण धरून बसली असती. तू कॅम्प पुन्हा उभा केलास.

आता तक्रार. तुझ्या त्या चंद्रपूरच्या दोघींचा फोन आला होता. म्हणाल्या, सगळं छान होतं पण खडक दाखवला नाही. जाहिरातीत सगळ्यात वर खडकावरून दिसणाऱ्या नदीच्या वळणाचा फोटो आहे आणि तू त्यांना नाल्याकाठून काट्यांतून फिरवून परत आणलंस म्हणे. असं कसं? माझ्या भावाचा, बाबूचा, सगळा कॅम्प त्या खडकासाठी होता. अस्वलाच्या भीतीने ती वाट टाकली असशील तर सांगते, मोहफुलं पडायला अजून अवकाश आहे. ते त्या दिवसांतच येतं. त्या पहाटे तो एकटा वाट साफ करायला गेला नसता तर, असो.

तेरवीला कोलू सांगत होता ते तुला आठवतं का? जंगलात माणसाचा जीव जिथे जातो तिथे येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो आणि ढीग वाढत राहतो, म्हणजे तो माणूस एकटा पडत नाही. खडकाच्या वाटेवरचा तो ढीग आता केवढा झाला? मला तिथे येववत नाही, तू बोलावूही नकोस. मी त्याला इथे गडचिरोलीला आणल्यावर पाहिलं, तेवढं मला जन्माला पुरेल. पण तू लिहीत जा.

तुझी,
रंजीताताई


बेजूरटोला
१५ जानेवारी २०२५

ती. ताईंना,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. खडकाला आग्या मोहोळ बसलं आहे, म्हणून बायकांना तिकडे नेत नाही. एखादीला चावलं तर इथून दवाखाना लांब. ढीग आहे. वाढतो आहे.

या महिन्यात दोन बॅच झाल्या. एक बाई रोज मला म्हणायची, तुम्ही किती नशीबवान, आम्हाला चारच दिवस मिळतात, तुम्ही कायम इथेच. मी हो म्हटलं. ती गेल्यावर तिची झोपडी झाडताना ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

माहेरून, मूल गावाहून, भावाचा निरोप होता. आईला आता कमी दिसतं. त्याच्या ओळखीच्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायला बाई हवी आहे. तो म्हणतो, ये. मी काही ठरवलेलं नाही. फक्त तुमच्या कानावर घातलं.

तुमची,
ज्योत्स्ना


गडचिरोली
२८ जानेवारी २०२५

प्रिय ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

मोहोळाला एवढं काय घाबरायचं? इकडे बिरजू म्हणून एक जण धूर करून मोहोळ काढतो. त्याला पाठवू का? फेब्रुवारीच्या दोन्ही बॅच भरल्या आहेत आणि प्रत्येकीला मी खडकाचं सांगितलं आहे. त्या वाटेने त्यांना ने. एवढं माझं ऐक.

मूलचं नंतर बघू. भावाकडे चार दिवस गोड असतात. बाबू आश्रमशाळेतला प्रफुल्ल सर होता, ती नोकरी सोडली ती याच कॅम्पसाठी, आणि तो उभा ठेवणारी आता तूच आहेस. माझं काय, मी इथे बसून फोन घेते.

सोबत बुधरीसाठी एक पुडकं पाठवलं आहे. तिचं तिला दे, उघडू नकोस.

तुझी,
ताई


बेजूरटोला
६ जून २०२५

ती. ताईंना,
सा. नमस्कार.

बरेच दिवस लिहिलं नाही, माफ करा. बिरजूला पाठवू नका. मोहोळ आपोआप जाईल.

हंगाम संपला. मार्चमध्ये वर्ष झालं, तेव्हा कॅम्पवर बायका होत्या. त्या दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून झाडं ओळखायचा खेळ होता. मी पट्ट्या धुतल्या, वाळवल्या, बांधून दिल्या. कोलू सकाळीच कुठे तरी जाऊन आला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. बुधरी म्हणाली, "आज तरी येशीन असं वाटलं होतं त्याले." मी कुठे म्हणून विचारलं नाही.

आता आठ दिवसांत नाले भरतील आणि रस्ता कधी बंद होईल सांगता येणार नाही. त्याआधी मूलला जावं असं मनात होतं. पुढच्या हंगामाचं बुकिंग घेऊ नये असंही वाटतं. तुम्हाला वाईट वाटणार असेल तर राहू दे.

पत्रूभाऊ आणतात ती बुधरीची पुडकी तिला देते. जड असतात. ती घेते आणि लगेच बाहेर निघून जाते. बांगड्या असत्या तर दाखवल्या असत्या.

तुमची,
ज्योत्स्ना


गडचिरोली
१५ जून २०२५

प्रिय ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू थकली आहेस म्हणून असं लिहितेस. रिकामी बसलीस तर जास्त थकशील. मी तुला ओळखते. तू तोंडाने सांगत नाहीस, पण त्या जागेवरून तुला हलवलं तर तू मोडशील. तुझ्यासाठीच हे सगळं धरून ठेवलं आहे, नाही तर मला शाळेतून डोकं वर काढायला वेळ नसतो.

सप्टेंबरची बॅच घेतली आहे. 'पावसातलं जंगल'. नागपूरच्या रीना मॅडम स्वतःच्या बायका घेऊन येतील, योग आणि ध्यान त्याच बघतील. तुला फक्त जेवण आणि राहणं बघायचं आहे. मूलला पुढच्या उन्हाळ्यात जा.

तुझी,
ताई


बेजूरटोला
१२ सप्टेंबर २०२५

ती. ताईंना,
सा. नमस्कार.

रस्ता कालच उघडला. रीना मॅडम आणि बायका सकाळच्या गाडीने गेल्या. तुम्हाला सगळं त्या फोनवर सांगतीलच. पण मला माझ्या हाताने लिहायचं आहे. मोठं होईल.

त्या आल्या तेव्हा पाऊस नव्हता. परतीच्या आदल्या दिवशी लागला आणि थांबलाच नाही. सकाळी कोलू सांगत आला की दोन्हीकडच्या नाल्यांवरच्या ठेंगण्या पुलांवरून, रपट्यांवरून, पाणी चाललं आहे, गाडी येणार नाही. पहिल्या दिवशी बायकांना मजा वाटली. दुसऱ्या दिवशी कपडे वाळेनात, फोनची चार्जिंग संपली, ओल्या गादीवरून दोघींची भांडणं झाली. चंदा म्हणून वर्ध्याची बाई होती, तिच्या मुलाला बरं नव्हतं. ती फाटकापाशी जाऊन उभी राहायची आणि परत यायची. रस्ता तर फाटकापासून दिसतही नाही. मला म्हणाली, "कशा राहता हो तुम्ही इथे? मला तर कोंडल्यासारखं होऊन राह्यलं." मी म्हटलं, पाणी उतरलं की सुटाल. ती म्हणाली, आणि तुम्ही? मी तिला भाजीचे वास्ते, बांबूचे कोवळे कोंब, सोलायला दिले.

पुढच्या दिवशी पाऊस उघडला. मी कोलूबरोबर रपटा बघायला गेले होते. परत आले तर कॅम्पवर बुधरी एकटी. म्हणाली, रीना मॅडम सगळ्यांना घेऊन खडकाकडे गेली, मी वाट दाखवून दिली. मी तांदूळ निवडत बसले.

त्या हसत परत आल्या. पहिल्या दिवसानंतर आत्ता परत हसत होत्या. एक म्हणाली, "मोहोळबिहोळ काही नाही हो तिथे." रीना मॅडमनी फोनमध्ये थोडी चार्जिंग राखून ठेवली होती, त्यांनी फोटो दाखवला. दगडावर दगड रचून केलेले मनोरे होते, गुडघ्याएवढे, प्रत्येकावर रानातलं एक फूल. त्या म्हणाल्या, "रंजीताताईंनी प्रत्येकीला फोनवर सांगितलं होतं, खडकाच्या वाटेवर एक दगड ठेवा म्हणून. आमच्या शिबिरात आम्ही असेच मनोरे करतो, प्रत्येकीने आपलं ओझं उतरवायचं. तिथे आयताच ढीग मिळाला."

बुधरीने हात पुसले आणि फोटो बघितला. मग म्हणाली, "अवो बाई, हे काय केलं तुमी? प्रफुल्ल सरले उघडं पाडलं न."

तेव्हा त्यांना कळलं. रीना मॅडम खालीच बसल्या. चंदा रडायला लागली. कोलू मला म्हणाला, "बाई, परत रचा लागंल. पन आमाले हात लावता येत नाई. ठेवलेला दगड उचलाचा तर घरच्या मानसानं उचलाव लागते."

घरचं माणूस तिथे मी एकटीच होते.

ताई, मी त्या जागी कधी गेले नव्हते. त्या दिवशी यांना खाटेवर घालून रस्त्यावर आणलं, मी रस्त्यावरच होते. नंतर कधी गेले नाही. मोहोळ नव्हतं. तुम्हाला खोटं लिहिलं होतं. ढीग वाढतो आहे हेही बघून लिहिलं नव्हतं. मी ती वाट टाकली म्हणजे ती मोडली, गवताने भरली असेल, असंच मला वाटत होतं. गेले तर वाट स्वच्छ होती. चिखलात पावलं होती, सायकलच्या चाकाची रेघ होती, शेण होतं. सगळं गाव तिथून जातं. नाल्याकाठून फिरून जाणारी मी एकटीच आणि मी नेलेल्या बायका.

बायका मागे उभ्या राहिल्या. मी एकेक मनोरा उतरवून दगड मधे ठेवत गेले. कोलू बाजूला उकिडवा बसून सांगत होता, हा झाडूदादाचा, हा शाळेतल्या पोरांचा, हा पत्रूभाऊचा, गाडी थांबवून आला होता, ड्रायव्हर हॉर्न मारून राह्यला होता. काही दगड वेगळे लागले. पांढरे, गुळगुळीत. इकडचे दगड काळे आणि खरबरीत असतात. तसे पांढरे दगड मी एकाच ठिकाणी पाहिले आहेत, आपल्या ब्रह्मपुरीच्या घरी तुळशीभोवती. वैनगंगेतून तुम्ही आणि यांनी लहानपणी आणलेले.

मी बुधरीकडे बघितलं. ती झाडाकडे बघत होती. म्हणाली, "मले काय बघतं? ताई पाठवते, मी ठेवते. तुले सांगू नको म्हने." मग मला ती जड पुडकी आठवली.

सगळं परत रचल्यावर ढीग माझ्या कमरेपर्यंत आला. चंदाने विचारलं, आता आम्ही काय करायचं. बुधरी म्हणाली, "काई नको करू माय. एक दगड आन, ठेव अन् चूपचाप चाल." त्यांनी तसंच केलं. तीच काय ती खरी मौन चाल झाली.

माझ्याही हातात दगड होता. मला ठेवता आला नाही. परत आणला. चुलीजवळ आहे.

तुम्ही एकामागून एक बॅच का घेत होता ते आता कळलं. मी आजवर तुमच्यासाठी कॅम्प चालवत होते. बायका आल्या की तुम्हाला भाऊ असल्यासारखं वाटतं, अशी माझी समजूत होती. पण परवापर्यंत त्या ढिगात पाहुण्या बायकांचा एकही दगड नव्हता. मी कोणाला तिथून नेलंच नाही. तो गावाने वाढवला आहे.

तुमची,
ज्योत्स्ना


गडचिरोली
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय ज्योत्स्ना,

रीनाचा फोन आला होता. रडत होती. मी तिला काही बोलले नाही, चूक माझीच. दगड ठेवा एवढंच सांगितलं, कोणासाठी ते सांगितलं नाही. कोणी विचारलं तर पुढचं बोलावं लागेल म्हणून.

तुला हसू येईल, पण लहानपणी बाबू संडासला जाताना मला बाहेर उभं करायचा आणि गाणं म्हणायला लावायचा. गाणं थांबलं की आतून हाका. एकटं राहणं त्याला कधी जमलंच नाही. तेरवीला कोलू ते बोलला आणि मी मनात धरून बसले. मला वाटलं, तुमचं गाव केवढंसं, पावसाळ्यात तिकडे कोण जातं. बॅच आली की एका फेरीत इतक्या जणी जातील. म्हणून घेत गेले. तू त्यांना दुसरीकडून नेतेस हे कळल्यावर तुळशीजवळचे दगड उचलून आणले आणि बुधरीकडे पाठवायला लागले. तिथे आता मातीच उरली आहे. आईने विचारलं, मी म्हटलं मुलांनी नेले.

तू अडकली आहेस हे मला दिसत नव्हतं असं नाही. तू 'राहू दे' लिहायचीस आणि मी ते 'राहू दे' धरून ठेवायचे.

पण आता तू ती वाट चालली आहेस. मग एक ऐकशील? नोव्हेंबरची बॅच ठरली आहे. त्यांना नीट सांगून त्या वाटेने ने. एवढा एक हंगाम. सोबत शेवटचा दगड पाठवते, तुळशीच्या मुळाशी रुतून बसला होता. या वेळी बुधरीकडे नको, तूच ठेव.

तुझी,
ताई


बेजूरटोला
२९ सप्टेंबर २०२५

ती. ताईंना,
सा. नमस्कार.

पत्र आणि दगड मिळाला. दगड परत पाठवते आहे.

तो मी ठेवणार नाही आणि बुधरीही ठेवणार नाही. आजवर ठेवले ते ठेवले, ते आहेत तिथे आहेत. हा तुमचा तुम्ही आणा. माझाही अजून चुलीजवळच आहे. तुम्ही आलात की दोघी जाऊ. तुम्हाला येववत नाही हे मला माहीत आहे. मलाही जाववत नव्हतं.

नोव्हेंबरची बॅच मी घेणार नाही. त्या बायकांना तुम्ही कळवा. दिवाळी आईकडे करीन आणि तिथेच राहीन. झोपड्या कोलू आणि बुधरीला देऊन जाईन. बुधरीला विचारलं, पुढे तू चालवशील का. म्हणाली, "बायका नको वो बाई. लय सांगत बसतेत. त्या झोपडीत आमी धान ठेवू."

तोवर तुमच्यासाठी थांबते. बॅचसाठी नाही. या वेळी शेवटी 'राहू दे' लिहीत नाही, एवढं लक्षात घ्या.

तुमची,
ज्योत्स्ना


८ ऑक्टोबर २०२५

प्रिय ज्योत्स्ना,

अक्षर वाकडं येतंय, वाचून घे.

दगड आला त्या दिवसापासून टेबलावर आहे. शाळेत निघताना दिसतो, आल्यावर दिसतो. गेल्या आठवड्यात दोनदा स्टँडवर गेले. गाडी लागली, माणसं चढली, मी चहाच्या टपरीपाशी उभी. पत्रूभाऊ खिडकीतून विचारायचे, "बाई, काई द्याचं आहे का?" मी मान हलवायची. गाडी जायची. पोरांच्या वह्या तपासायच्या राहिल्या असं स्वतःला सांगून घरी जायचे.

आजही तेच झालं असतं. तुला एवढंच लिहून द्यायचं होतं की मला जमत नाही, तू तुझा दगड ठेव आणि जा, माझ्यासाठी थांबू नकोस. कागद हातात तयार होता. पत्रूभाऊंनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आज पुडकं नाई का बाई?" मी म्हटलं, आहे, पण देणार नाही. ते म्हणाले, "मंग वर या. उन्हात काऊन उभ्या हा?" आणि मागच्या माणसाला म्हणाले, सरक, बाईंना खिडकी दे.

तो कागद मी फाडला. हा दुसरा आहे. आलापल्ली मागे गेली. आता दोन्ही बाजूंनी झाडं लागली आहेत. पिशवी मांडीवर आहे, जड आहे. बाजूची बाई विचारते, काय आहे एवढं. मी म्हटलं, भावाकडे चालले.

हे पत्र पत्रूभाऊंकडे देत नाही. उतरल्यावर मीच देते. वाचलंस की लगेच निघू. त्या वाटेने माझ्या पुढे चाल आणि काहीतरी बोलत राहा.

ताई